चेतनानं कंपायलर जोडला

चेतना रामटेके कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिची नजर जायला लागली. शेवटच्या वर्षापर्यंत नुसता उजेड-अंधार तेवढा कळे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कानाला लावून तिनं डिग्री घेतली. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी लोक हळहळायला येत. रेल्वेतून रिटायर झालेले तिचे वडील मारोतीराव त्यांना म्हणत, "पोट्टीचे डोळे गेले, डोकं नाही गेलं."

दोन वर्षं मुलाखती दिल्यावर उरला या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचे मालक निरंजन यांनी तिला महिनाभर ठेवून बघायचं ठरवलं. तिथं भट्टीचं तापमान सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनत. चेतनानं त्यांचे प्रोग्रॅम लिहायचे होते.

पहिल्याच दिवशी काम अडलं. प्रोग्रॅम लिहायचा, आणि मग तो चिपला कळेल अशा रूपात बदलायचा, म्हणजे कंपायलरनं कंपाइल करायचा. दोन्ही कामं सगळे एकाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये करत. ते चेतनाच्या कानात एक अक्षर बोलेना.

"दीदी, हे जमणार नाही वाटते," निरंजन म्हणाले.

"भैया, याच्यातला कंपायलर वेगळा काढता येते. माह्या एडिटरले बाहेरून जोडून पाहते. दोन दिवस द्या मले."

तिचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, बोलका होता. कंपायलर कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तो पत्ता तिनं एडिटरला दिला. उत्तर आलं, कंपायलर सापडला नाही. पत्ता तिनं दहादा ऐकला, चूक काही कळेना. संध्याकाळी घरी जाताना तिनं वडिलांना फोनवर सांगितलं, "उद्या नाही झालं तं नोकरी गेली, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिनं तोच पत्ता एकेक अक्षर करून ऐकला. मधेच आवाज आला, "स्पेस." फोल्डरच्या नावात रिकामी जागा होती. सलग वाचताना ती ऐकूच येत नव्हती, आणि तिथंच पत्त्याचे दोन तुकडे पडत होते. तिनं पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत टाकला. कंपायलर चालला!

मग कंपायलरच्या निरोपात चुकलेल्या ओळीचा नंबर कुठं असतो, ते तिनं एडिटरला शिकवलं. मुद्दाम प्रोग्रॅममधला एक अर्धविराम गाळून बटण दाबलं. कर्सर थेट तिथं गेला. "लाइन चौदा," कानात आवाज आला, आणि ती मोठ्यानं हसली.

"काहून हसून राहिली?" निरंजननी विचारलं.

"चूक सापडली, भैया!"

त्यांना काही कळलं नाही. पण दुपारी तिचा प्रोग्रॅम कार्डात भरला, तसा कार्डावरचा रिले नावाचा स्विच टक् टक् वाजू लागला. तो आवाज तिनं सगळ्यांच्या आधी ओळखला.

महिना पूर्ण व्हायच्या आत निरंजननी तिला पक्कं केलं. शेजारच्या टेबलावरचा इंद्रजीत जुन्या सॉफ्टवेअरला कंटाळला होता. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "दीदी, माझ्या कंप्यूटरवर पण जोडून द्या ना."

"हव," चेतना म्हणाली, "पण तू टाइप कर. मी सांगते."