संघ झाला आणि बांध राहिला

मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. तेवढ्या शिक्षणावर आजवर एक महिला मंडळ, एक भजनी मंडळ, दोन बचत गट, देवळाची समिती, दुधाची सोसायटी आणि शेतकऱ्यांचा संघ, एवढ्यांच्या सभांना बसले. सगळीकडे पहिला अर्धा तास खुर्च्या लावण्यात जातो आणि शेवटचा चहाची वाट बघण्यात. मधे नाव काय ठेवायचं यावर वाद. मंडळ म्हटलं की भजनाचं वाटतं, समिती म्हटली की पंचायतीची, गट म्हटला की बायकांचा. पुरुष असले की संघ. हे मी ठरवलेलं नाही, आमच्याकडे तसंच चालतं.

ज्या एका कामासाठी आम्ही खरोखर जमायचो, त्याला नाव नव्हतं. मुळगावच्या माहेराहून लग्न होऊन मी या वाड्यावर, म्हणजे या वस्तीवर आले, तेव्हापासून ते बघत होते. आमच्या वर डोंगरात खाण, खाली शेतं, मधून व्हाळ, म्हणजे ओढा. तुळशीचं लग्न झालं की व्हाळाला आडवा मातीचा बांध घालायचा. पाणी तुंबलं की ते पाटाने शेतांत येतं आणि उन्हाळ्यातलं भात, म्हणजे वायंगण, होतं. पंधरा दिवसांत बांध झाला नाही तर व्हाळ उतरतो, मग काही उपयोग नाही.

घरटी एक माणूस यायचं. मेढी रोवायच्या, त्यात फांद्या आणि झावळ्या विणायच्या, वर चिखल चोपायचा. घरात आजारी असेल तर त्या घरून सगळ्यांना चहा आणि उंडे पाव यायचे. पुरुष खाणीवर असायचे, म्हणून बांधावर बहुतेक बायकाच. पाटाच्या अगदी टोकाला ज्याचं शेत, त्याने शेवटचं भगदाड बुजवायचं, मग आपल्या शेतात जाऊन बघायचं आणि पाणी पोचलं असं ओरडून सांगायचं. तोपर्यंत कोणी पाय धुवायचे नाहीत. टोकाला पाणी पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं, एवढाच हिशेब.

टोकाचं शेत माझ्या शेजारणीकडे होतं. ती दोडामार्गाकडची. नवरा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. खाण बंद पडली तसा तो घरी बसला, मग सकाळपासून पिऊन बसायला लागला. शेत त्यांचं नव्हतं, दुसऱ्याचं अर्ध्याने करत होती. वर्षाचा तांदूळ त्यातूनच. मला काकी म्हणायची. तोंडाने फटकळ, कामाला दोन माणसांएवढी.

एका वर्षी शेतकी खात्याच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, संघ करा, म्हणजे सिमेंटचा बंधारा मागता येईल. बाई चांगल्या होत्या, त्यांची चूक काढणार नाही. संघाला यादी हवी होती, घरटी एक नाव. आम्ही काय केलं, तर ज्याच्या नावावर जमीन त्याचं नाव घातलं. माझ्या घरातून मुलाचं नाव गेलं. तो रोज सात वाजता साखळी गावात बस धरून पणजीला जातो, फावडं कुठल्या बाजूने धरतात हे त्याला विचारावं लागेल. एक नाव बोटीवर काम करणाऱ्याचं, एक मुंबईतल्याचं. ज्या बायका वर्षानुवर्षं चिखलात उतरत होत्या, त्यांच्यातली एकही यादीत नव्हती. शेजारणीचा तर प्रश्नच नव्हता, जमीन तिची नाही. तिच्या शेताच्या मालकाचं नाव लागलं. त्याने ते शेत कधी पाहिलं असेल तर लहानपणी.

त्या वेळी कोणाला काही चुकलं असं वाटलं नाही. मला मात्र राग आला. राग पोटात ठेवायची मला सवय आहे.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि संघाची सभा झाली. अध्यक्ष म्हणजे वाड्यावरचे निवृत्त कारकून. ते म्हणाले, "सिमेंटचा बंधारा येईपर्यंत यंदा जेसीबी लावू. अर्ध्या दिवसाचं काम." ठराव झाला. टाळ्या झाल्या. जेसीबी रस्त्याच्या कामाला गेला होता, तो उद्या येतो, परवा येतो, असं चाललं. दहा दिवस गेले. शेजारणीचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, टीचभर वर आली होती.

अकराव्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. पदर खोचलेला, खांद्यावर फावडं.

"गे काकी, चल. आमी बायलांनी घालूया बांध. संघाची वाट बगली तर भात जळतला."

मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. म्हटलं, "माझा नाव नाय यादीत. ज्यांची नावां आसत, तेंका सांग."

"यादीतलो एक बोटीर आसा, एक मुंबयेक. तेंका काय फोन करू, चिखल घेवन येवा म्हणान?"

"अध्यक्षांका सांग."

"नाव नाय म्हणान हात पण नाय काय गे तुझे?"

मी तांदूळ निवडत राहिले. ती फावडं घेऊन गेली. खरं सांगायचं तर मला त्या सकाळी बरं वाटलं. आता कळेल यांना, असं मनात होतं. यांना म्हणजे अध्यक्षांना, मुलाला, सगळ्या संघाला. अध्यक्षांचं वायंगण नव्हतंच, त्यांना काय कळणार होतं? हे मला तेव्हा सुचलं नाही.

दारोदार फिरून तिला तीन बायका मिळाल्या. बाकीच्यांनीही यादीचंच सांगितलं. माझं बघून की आपलं आपण, माहीत नाही. चौघींनी तीन दिवस काम करून अर्धा बांध घातला. मेढी कमी, उंची कमी. एका बाजूने पाणी निसटत राहिलं. जेवढं तुंबलं तेवढं पाटाने आलं, पहिल्या शेतांना भरपूर, माझ्या शेताला पुरेसं. माझं शेत शेवटून दुसरं. माझ्यापुढे पाट नुसता ओला व्हायचा.

तिने बादल्यांनी पाणी वाहिलं. मी माझ्या शेताच्या बांधावरून बघत होते. दोन दिवस मी पण चार बादल्या ओतल्या. बादलीने शेत होत नाही. जानेवारी संपायच्या आत तरवा पिवळा पडला, मग तिने गुरं सोडली त्यात.

माझं भात चांगलं झालं. मळून झाल्यावर एक पोतं भात मुलाच्या खांद्यावर देऊन तिच्या ओसरीवर नेलं. रात्री नाही, चांगली सकाळी नेलं, लोकांसमोर. मला वाटलं होतं फेकून देईल.

तिने पोत्यात हात घातला, दाणे बघितले. "ह्या भाताक पाणी खंयच्या बांधाचा? माझ्याच मां?"

"व्हय."

"मगे ह्या भात माझाच. ठेव थंय." मग मुलाकडे बघून म्हणाली, "आणि तू रे, संघाच्या मेंबरा, जपून ठेव. कंबर धरतली तुझी."

मुलगा हसला. मी हसले नाही, ती पण नाही.

पुढच्या वर्षी तिने शेत सोडलं. साखळीला एका कॅन्टीनमध्ये भांड्यांना लागली, आता चपात्या लाटते. ते शेत पडीक आहे, कमरेएवढं गवत. आता टोकाचं शेत माझं. सिमेंटच्या बंधाऱ्याची फाइल कुठेतरी फिरते आहे. संघाचा फोनवर ग्रुप झाला आहे, त्यात बांधाचे जुने फोटो टाकतात आणि खाली लोक हात जोडतात.

गेल्या वर्षी मी फावडं घेऊन दारोदार गेले. "काकी, ग्रुपवर घाल," एवढंच ऐकलं. मग शेजारणीकडे गेले, तिच्याकडे सगळ्यांत शेवटी. ती कामावरून येऊन पाय चोळत बसली होती. मी म्हटलं, येतेस का. ती म्हणाली, "आयतवारी पण ड्युटी आसा गे काकी." रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं. मला चहा दिला. आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो.

गेल्या वर्षी बांध झालाच नाही. यंदा मी तरवा टाकला नाही. बियाण्याचं भात होतं, ते कांडून आणलं आणि खायला काढलं. संघाला कळवलेलं नाही.