आमच्या इमारतीत मिझरेबल कोण?

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तो केवळ सभेला उशिरा पोचल्यामुळे. मी येईपर्यंत निवडणूक उरकून सगळे चहा पीत होते. त्यानंतर दहाव्या दिवशी लिफ्ट बंद पडली.

उरणजवळच्या द्रोणागिरीतली आमची इमारत सहा मजल्यांची, निम्मे फ्लॅट कुलपात. आम्ही सहाव्यावर. आई आमच्याकडेच असते. तिचा जन्म जवळच्या मोरा बंदरातला, आणि मोऱ्याच्या धक्क्यावर तिनं आयुष्यभर मासळी विकली. पाटी सुटली तरी धक्का सुटला नव्हता. रोज सकाळी रिक्षानं जायची, जुन्या मैत्रिणींत बसायची, मासळी घेऊन यायची. गुडघे मात्र कामातून गेलेले. लिफ्ट बंद म्हणजे आई घरात बंद, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पण मी सेक्रेटरी होतो, आणि मला आधी पत्र लिहायचं होतं.

लिफ्टचा एक पार्ट कंपनीकडे अडला होता, आणि तक्रार करायची ती फक्त ईमेलवर, इंग्रजीत. चेअरमननी मजकूर सांगितला, "लिफ्टची कंडिशन मिझरेबल आहे, असं टाका." हा त्यांचा आवडता शब्द. वॉचमनचा चहा, मोबाइलचं नेटवर्क, उरणचा रस्ता, भाच्याचे मार्क, सगळं त्यांना मिझरेबल असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या सरांनी हरकत घेतली. साताऱ्याकडे जन्मभर इंग्रजी शिकवून ते मुलाकडे राहायला आलेत. "मिझरेबल माणूस असतो," ते म्हणाले. "ज्यानं माणसाचे हाल होतात ती हवा, ती खोली, हेही चालतं. रक्कम फारच तुटपुंजी असेल तर तीही. माझं पेन्शन बघा. पण लिफ्ट? काम नाही, धाम नाही, ती मजेत उभी आहे."

"पण सर, हाल तर तिच्यामुळेच होताहेत," मी म्हणालो.

"मग कोणाचे होताहेत ते आधी लिहा."

मुद्दा बिनतोड होता. 'रहिवासी मिझरेबल आहेत' असा मजकूर ठरला, खाली सह्या घ्यायच्या. मी कागद घेऊन दारोदार निघालो आणि तिथं पंचाईत झाली, कारण लिफ्टला शिव्या द्यायला सगळे तयार होते, पण मिझरेबल व्हायला कोणीच तयार नव्हतं. चेअरमनच म्हणाले, "माझं नाव नको. मुलाचं लग्न जमतंय. पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय वाटेल?" दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचं जिन्यानं तीन किलो वजन उतरलं होतं, ते उलट आभार मानायच्या बेतात होते. चौथ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमचे हे आहेत ना मिझरेबल. पण ते लग्नापासूनच. लिफ्टचा काही संबंध नाही." सरांनी पेन हातात घेतलं, शब्द पुन्हा वाचला, "मी वैतागलेलो आहे, मिझरेबल नव्हे," म्हणाले आणि पेन परत दिलं.

सह्यांचा कागद कोराच घरी आणला. आईला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाची सही कशी घ्यायची?

त्या दिवसांत मासळी मी आणत होतो. कामावरून सुटल्यावर, संध्याकाळी, म्हणजे बाजारात जे उरेल ते. पूर्वी कधी मी मासळी आणली की आई पिशवीत डोकावायची आणि सुरू व्हायची. "हे बोंबील तुज्यापेक्षा वयानं मोठे हायेत" असं ती बायकोसमोर बोललेली आहे. आता ती काहीच बोलेना. मी आणायचो, ती जेवायची. एकदा पापलेट इतकं शिळं लागलं की बायकोनं ताट बाजूला सारलं. आई काटे काढत शांतपणे जेवत राहिली. तेव्हा मात्र मला भीती वाटली. माझी आई खराब मासळीबद्दल गप्प बसते म्हणजे आतून काहीतरी संपलं, असं मला वाटलं. खिडकीशी बसून ती समोरचे कंटेनर बघत असायची. तिथं बघण्यासारखं काही नाही, मी तिथंच नोकरी करतो.

माझं काम कंटेनर यार्डातलं. खराब झालेल्या मालाचे रिपोर्ट लिहायचे. त्यात लांबलचक इंग्रजी लागत नाही. माल कुठला, किती नग, अवस्था काय. बाविसाव्या दिवशी मी कोणालाही न विचारता त्याच पद्धतीनं ईमेल लिहिला. आई, एक. वय चौऱ्याहत्तर. सहावा मजला. बावीस दिवसांत खाली उतरलेली नाही. अवस्था, मिझरेबल. सरांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता शब्द जागेवर बसला."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऐरोलीच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "सर, तक्रारीत कस्टमर मिझरेबल आहे असं आलंय, त्यामुळे त्यांच्याशी बोलून कन्फर्म करावं लागतं. आजींना देता का?"

मी आईला शब्दाचा अर्थ सांगितला आणि फोन दिला.

"कोन दुःखी? मी?" आई म्हणाली. "मना काय झायलंय? मी बरी हाय."

बावीस दिवसांची मेहनत पाण्यात गेली म्हणून मी कपाळाला हात लावला. पण आईनं फोन सोडला नव्हता. "तू कुठली गो? ऐरोलीची? कोळीवाड्यातली? मंग तुज्या आयसला इचार, बावीस दिस घरान बसशील काय. सांगल ती तुना." पुढं तुमच्या खाडीला कोलंबी येते का, कोण पकडतं, काय भावानं जाते, असं बराच वेळ चाललं. शेवटी ती मुलगी म्हणाली असावी की आजी, बघते. चौथ्या दिवशी लिफ्टचा अडलेला पार्ट आला.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी आई मोऱ्याला गेली आणि दुपारी ओली पिशवी घेऊन आली. संध्याकाळी ताट वाढता वाढता तिनं सुरुवात केली. पहिल्या मंगळवारचे बोंबील नरम पडलेले. शुक्रवारची मांदेली बर्फातली. त्या रविवारच्या पापलेटाचे कल्ले पांढरे, ते कुणी फुकट दिलं असतं तरी घ्यायचं नव्हतं. तिनं एकही दिवस सोडला नाही. माझ्या प्रत्येक खरेदीचा पंचनामा तिच्याकडे तारीखवार तयार होता.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं. "मला वाटलं, तुला काही होतंय."

"बोलली असती तं तू परत द्याला खाली गेला असतास," ती म्हणाली. "सहा जिने. कामावरनं दमून आलेला."

तिनं माझ्या ताटात तुकडी वाढली.

"खा आता," ती म्हणाली. "ही आजची हाय."