मुठीचे तांदूळ आणि माझे तीन डबे

आमच्या चर्चमध्ये कुणी गैरहजर राहिलं की ते आधी मला कळतं. रविवारच्या मिस्सात, म्हणजे प्रार्थनाविधीत, वाचन कोण करणार, अर्पणाच्या वेळी वेदीपर्यंत कोण चालणार, चटया कोण झटकणार, हे सगळे तक्ते मीच करते, त्यामुळे डोळे आपोआप रांगांवरून फिरतात. मागच्या पावसाळ्यानंतर डावीकडच्या दुसऱ्या खांबाजवळची जागा सलग पाच रविवार रिकामी राहिली. ती जागा आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे या चर्चच्या कुटुंबांतल्या, सगळ्यांत म्हाताऱ्या बाईची. तिला सगळे बुढीमाय म्हणतात. ती आजारी नव्हती. मंगळवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडताना मी तिला पाहिलं होतं. ती चर्चला येत नव्हती याचं कारण मी होते, आणि ते माझ्या लक्षात यायला पाचवा रविवार उजाडावा लागला.

आधी तांदळाचं सांगायला हवं.

आमचं चर्च गोंदियाहून आमगावकडे जाताना, रेल्वेलाइनीच्या अलीकडे आहे. पहिला मिस्सा म्हणे एका रेल्वे क्वार्टरच्या पडवीत झाला होता. तेव्हा पॅरिश म्हणजे रेल्वेतली मोजकी कुटुंबं: काही तमिळ, काही गोव्याची, आणि माझ्या वडिलांसारखी वसईकडून बदलीवर येऊन इथेच राहिलेली. मग राइस मिलमध्ये मजुरीला छत्तीसगडातल्या जशपूरकडून माणसं आली. त्यानंतर चिचगडच्या बाजूच्या जंगलातल्या गावांमधली थोडी घरं जोडली गेली, आणि दवाखाना चालवायला केरळच्या सिस्टर आल्या. मिस्सा हिंदीत होतो, गाणी हिंदीत आणि मराठीत, सणाला एखादं जशपूरवाल्यांच्या कुडुख भाषेत, आणि भांडणं ज्याच्या त्याच्या भाषेत.

मुठीची पद्धत जशपूरच्या लोकांनी आणली. भाताला तांदूळ घेतले की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ परत काढायची आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. रविवारी गाडगं चर्चला न्यायचं आणि वेदीच्या पायरीजवळच्या लोखंडी पिंपात रिकामं करायचं. सुरुवातीला त्या तांदळावर फादरचं जेवण व्हायचं. आता ते तांदूळ आजारपण असलेल्या घरात जातात, आणि नोव्हेंबरात ख्रिस्त राजाच्या सणाला सगळ्या पॅरिशचं जेवण होतं, त्याला वापरतात. माझी आई वसईची, तिला ही पद्धत नवी होती. पण इथे आल्यावर तिनंही एक बरणी ठेवली आणि शेवटपर्यंत तिची मूठ चुकली नाही. आता ती बरणी माझ्या ओट्यावर असते.

बिघडलं ते त्या सणाच्या भातामुळे. त्याआधीच्या वर्षी आम्ही गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पिंपातल्या तांदळाचा पुलाव केला. बारीक तांदळाचा लगदा झाला, जाड दाणे दाताखाली कच्चे लागले. आमचे गार्डकाका, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, जे गायनमंडळाची पेटी वाजवतात, पत्रावळीकडे बघत मला म्हणाले, "बाई, पुलाव छान आहे. अजून थोडी रेती घातली तर स्लॅब पडेल."

मला ते लागलं. पुढच्या वर्षीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा फादर माझ्याकडे वळले. फादर तरुण आहेत, दक्षिणेकडचे, इथे येऊन दोन वर्षं झालेली. म्हणाले, "मॅडम, आप कुछ सिस्टम बना दीजिए."

सिस्टम हा शब्द ऐकला की माझे हात शिवशिवतात. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काम करून मला वाटायला लागलंय की जगातले बहुतेक प्रश्न पाटी लावल्याने सुटतात. दोन दिवसांत मी तेलाचे तीन रिकामे डबे मिळवले, घासले, उन्हात वाळवले. मार्करने ठळक अक्षरांत तीन पाट्या लिहिल्या: बारीक, जाड, रेशन. एका जातीचे तांदूळ एका डब्यात, म्हणजे शिजायला एक वेळ लागेल. जुनं पिंप मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. रेशनला वेगळा डबा केला, कारण त्यात पोषक म्हणून मिसळलेले वेगळ्या रंगाचे दाणे असतात आणि तो पटकन मऊ होतो. माझा हिशेब एवढाच होता. त्यात वाईट हेतू नव्हता, पण विचारही नव्हता.

पहिल्या रविवारी मी डब्यांच्या बाजूला उभी राहिले. बारीकचा डबा बघता बघता अर्धा झाला. दुसऱ्या रविवारी गळ्यापर्यंत आला. मी वहीत लिहिलं, 'दर्जा सुधारला.' आजही ते पान तसंच आहे, मी फाडलेलं नाही.

त्या पहिल्या रविवारची आणखी एक गोष्ट सांगायची राहते. आमच्या घरी रोज जाड तांदूळ शिजतो, बिरसीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा भरलेला. तो चवीला उत्तम आहे. तरीही शनिवारी ऑफिसातून येताना मी दुकानातून बारीक तांदळाची पिशवी घेतली आणि रविवारी आईची बरणी घरीच ठेवून ती पिशवी घेऊन गेले. सगळ्यांसमोर चांगलं उदाहरण घालून द्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

पाचव्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी डबे आत न्यायला वाकले. रेशनच्या डब्यात एक मेलेली पाकोळी होती. तांदूळ एकही नव्हता. आमच्या पॅरिशमधली निम्म्याहून जास्त घरं रेशनचा तांदूळ खातात हे मला माहीत होतं, रेशन कार्डाचे कितीतरी अर्ज मीच भरून दिले होते. मग त्या घरांची मूठ गेली कुठे? मान वर केली तेव्हा दुसऱ्या खांबाजवळची जागा दिसली. आणि मग एकेक करून बाकीच्याही दिसायला लागल्या. पाठीमागची एक, दाराजवळची दोन.

गार्डकाका पेटीवर कापड घालत होते. मी विचारलं, "काका, बुढीमाय का येत नाही हो?"

"पाटी तुम्ही लावली," ते म्हणाले. "सगळ्यांच्या देखत त्या पाटीखाली कोण उभं राहणार?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमच्या तक्त्यात शंकेला रकाना नव्हता, बाई."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी बुढीमायकडे गेले. ती बंद पडलेल्या मिलच्या मागच्या गल्लीत राहते, एका नातीबरोबर. अंगणात बसून शिंदीच्या पानांचा झाडू बांधत होती. मला पाहून हात थांबवले नाहीत.

"ये. यादी आनली का?"

"नाही."

"मंग बस."

मी बसले. एरवी मी कुणाच्या घरी गेले की दोन मिनिटांत मुद्द्यावर येते. त्या दिवशी झाडूची एक मूठ बांधून होईपर्यंत तोंड उघडलं नाही. मग विचारलं, "माय, चर्चला काऊन येऊन नाही राहिली?"

"येवाले पाय हायेत. पन हात रिकामे घेऊन कसी येऊ?"

"रिकामे कायले?"

तिनं मानेनंच घराच्या आत खूण केली. चुलीजवळ गाडगं होतं, तोंडापर्यंत भरलेलं. त्याच्या शेजारी एक स्टीलचा डबा, तोही भरत आलेला. तांदळात ते रेशनचे वेगळे दाणे इथे तिथे दिसत होते.

"पाच हप्त्याची मूठ हाय," ती म्हणाली. "एक दिवस नाई चुकली."

"मग आणली का नाहीस?"

"कोन्या डब्यात टाकू? मले वाचता येत नाई, नातीनं वाचून सांगतलं. या डब्यात बारीक, त्या डब्यात जाड, आन हा आपला. पयल्या आयतवारी दारातून पाहलं त आपला डबा खालीच, तशीच वापस फिरली. सारी पॅरिश बारीक खावाले लागली एका हप्त्यात." दोरी दातात धरून तिनं गाठ ओढली. "रेशनच्या लाइनीत त सारेच भेटतात मले."

मी म्हणाले, "पहिल्या रविवारी मी पण दुकानातून बारीक आणला होता. आमच्या घरी जाडच असतो."

"मालूम हाय. थैलीवर दुकानाचं नाव होतं."

आता मात्र मला हसू आलं, आणि तीही थोडी हसली. मग तिनं झाडू बाजूला ठेवला आणि सांगायला लागली.

"पयलेचा फादर सायकलनं ये. त्याचं जेवन माही सासू करे, मंग मी कराले लागली. आमी मिलवाले कनी आनत होतो, खालची झाडून-पाखडून. तुही माय रेल्वेवाल्यांचा बारीक आने. जंगलाकडचे लोक लाल तांदूळ आनत. सारं त्याच पिपात. फादर जेवाले बसला का त्याले मालूम नाई, कोनाचा दाना कोनता. आमालेबी नाई."

"पण माय, शिजत कसा होता? कणी, बारीक, लाल, सगळं एकत्र?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पाचवीत जाऊन बसले. "भात कोन करे? दळून आनत होतो, त्याचे चिले करत होतो. पुलावची हौस तुमची. मंडप, गंज, आचारी. आमाले कोनी इचारलं नाई."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. बैठकीला कुणाला बोलवायचं त्याची यादीही मीच केली होती.

निघताना मी म्हणाले, "पिंप परत ठेवते. सणाला येशील ना?"

"पाहू. गुडघा दुखते."

एवढंच. सण तेरा दिवसांवर होता, आणि तिच्या 'पाहू'चा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

संध्याकाळी फादरना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "लेकिन मॅडम, सिस्टम तो अच्छा था."

"सिस्टम अच्छा था, फादर. लोग चले गए."

त्यांनी चष्मा घातला. "चिला क्या होता है?"

मी सांगितलं. तांदळाच्या पिठात मीठ, मिरची, पाणी, आणि तव्यावर पातळ पसरायचं.

"मतलब हमारे यहाँ का दोसा, बिना दाल का," फादर म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला ते घरच्या जेवणाचा विषय निघाल्यासारखे खूश दिसले.

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी मी उभी राहिले. कागद हातात होता, पण वाचला नाही. म्हणाले, "तीन डबे मी लावले होते. ती माझी चूक झाली. आज पिंप जागेवर आहे. या वर्षी सणाला पुलाव नाही, चिले आहेत. शनिवारी सकाळी तांदूळ दळायला जातील, तर मूठ शुक्रवारपर्यंत आणा." मग आईची बरणी घेऊन पायरीपर्यंत गेले आणि आमचा जाड तांदूळ पिंपात ओतला. रिकाम्या पिंपात त्याचा आवाज फार मोठा झाला. दुसऱ्या खांबाजवळची जागा अजून रिकामीच होती.

शुक्रवारी दुपारपासून मी चर्चच्या पडवीत बसले. तीन वाजता एक बाई आली, पाठीमागच्या रांगेतली. तिच्या डोक्यावर गाडगं होतं. ओतताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "साचलं होतं." मग दाराजवळचे दोघे आले. मग आणखी एक घर, मग आणखी. कुणाकडे सहा हप्त्यांची मूठ होती, कुणाकडे पाच. मूठ कुणीच सोडली नव्हती. सगळी गाडगी आपापल्या चुलीजवळ थांबून राहिली होती. पाच वाजता पिंप पाऊण भरलं. मी हात घालून तांदूळ सारखे केले. जाड, बारीक, रेशनचा, कुणाच्या तरी नव्या धानाचा, सगळं एकमेकांत गेलं होतं.

बुढीमाय आली नाही.

शनिवारी सकाळी पिंप चक्कीवर न्यायला ऑटो आला. ऑटोवाल्यानं पिंपाच्या तोंडाला पोतं बांधलं, मी गाठ तपासली, आणि तेवढ्यात फाटकातून गार्डकाकांची स्कूटर आत आली. मागे बुढीमाय बसली होती. गाडगं मांडीवर, स्टीलचा डबा काखेत, आणि चेहरा असा की सगळी चूक काकांची आहे.

"या मानसानं मले गड्ड्यागड्ड्यातून आनलं," ती उतरता उतरता म्हणाली. "अर्धे तांदूळ रस्त्यात सांडले असतील."

"एकही सांडला नाही," काका म्हणाले. "पूर्ण रस्ता ही मला ब्रेक मारायला सांगत होती."

मी पोत्याची गाठ सोडली. तिनं गाडगं ओतलं, मग डबा ओतला, मग पिंपाच्या काठावरचे दाणे तळहातानं आत लोटले. वर आलेले मूठभर तांदूळ तिनं उचलून बोटांतून खाली सोडले आणि ऑटोवाल्याला म्हणाली, "चक्कीवाल्याले सांगजो, बारीक नको दळू. थोडं रवाळ ठेव. नाईत तव्याले चिकटते."

सणाच्या दिवशी मी केलेल्या कामाच्या यादीतलं निम्मं तिनं सकाळीच मोडून टाकलं. सिस्टरांना मिरच्या कापायला बसवलं, मला पीठ कालवायला. मी पाणी मापानं घालत होते. ती आली, बोट बुडवून पाहिलं, म्हणाली, "पातळ केलंस. पीठ टाक." फादर एका तव्यापाशी उभे राहिले आणि त्यांच्या घरच्या सवयीनं असे गोल, जाळीदार चिले काढायला लागले की बायका कामं सोडून बघायला जमल्या. गार्डकाकांनी पाच खाल्ले आणि स्लॅबचं नाव काढलं नाही. माझे ते तीन डबे, पाट्या खरवडून, चटणी ठेवायला कामी आले.

मंडप उतरवताना मी, बुढीमायनं त्या सकाळची मूठ टाकायला आणलेलं गाडगं धुऊन ओट्यावर पालथं घातलं होतं. घाई नको, सोमवारी घरी पोचवते, असं मी म्हणाले, आणि वहीत तशी नोंद करायला लागले. तिनं ते उचलून पदरानं आतून पुसलं.

"सोमवारी कायले? दे इकडं," ती म्हणाली. "उद्या सकायची मूठ कायच्यात टाकू?"