बंदूक आणि चारित्र्याचा दाखला

आमच्या घरातली बंदूक माझ्या नावावर होती. हे सांगितलं की माहेरी, मेहरूणला, सगळे आधी हसतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चौथीच्या पोरांकडून कर्कटक काढून घेणारी बाई मी, आणि बारा बोअरच्या दोननळीची मालकीण.

बंदूक मुळात माझ्या सासऱ्यांची, आबांची. सोनगीरजवळच्या आमच्या गावात मका आणि कपाशी करायचे. रानडुकरं मक्यात शिरायची, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. डुकरं मात्र आबांनी कधी मारली नाहीत. डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि ती येईपर्यंत डुक्कर मका खाऊन, ढेकर देऊन गेलेलं असतं. आबा हवेत एक बार काढायचे. पहिल्या वर्षी डुकरं पळाली, दुसऱ्या वर्षी नुसती मान वर करून बघायला लागली. तिसऱ्या वर्षापासून आबांनी सुतळीबॉम्ब आणले आणि बंदूक कपाटात गेली.

पण आबांची एक सवय होती. बंदूक हातात घेतली, मग ती पुसायला का असेना, की आधी ती मधून दुमडून उघडायची आणि जवळ जो असेल त्याला दोन्ही नळ्या दाखवायच्या. मी नवी नवरी असताना स्वयंपाकघरात येऊन मलाही दाखवल्या होत्या. मला काही कळलं नाही, मी पदर सावरून "छान आहे" म्हणाले. आबा म्हणाले, "छान नही, रिकामी शे. कोन्हाच तोंडवर भरोसा ठेवानं नही. आपला डोयाघाई देख, मंग मान." दोन्ही मुलांना त्यांनी हेच शिकवलं होतं, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच मानायचं. त्याखेरीज बंदुकीबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत.

आबा गेले आणि परवाना कुणाच्या नावावर करायचा हा प्रश्न आला. माझा नवरा थोरला, हक्क त्याचा. पण सोसायटीच्या निवडणुकीत त्याने कुणाच्या तरी डोक्यात खुर्ची घातली होती आणि त्या खुर्चीची नोंद पोलिसांकडे होती. धाकटा दीर पिणारा. गावात त्याचं नाव काढलं की ऐकणारा आपोआप अंगठा तोंडाशी नेऊन दाखवायचा. मग वारसांत कोण उरलं? सूनही वारस धरतात म्हणे. लग्नाला वीस वर्षं झाली तोवर घराच्या एका कागदावर माझं नाव नव्हतं. पहिल्यांदा लागलं ते बंदुकीवर.

चारित्र्याचा दाखला काढला. त्यावर माझं चारित्र्य उत्तम असल्याचं शिक्क्यासह लिहून आलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, बंदूक चालवता येते का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "उत्तम." पुढे नियमाप्रमाणे प्रशिक्षण झालं, एका रविवारी मला चालवता येऊ लागली, आणि मी घरी येऊन नियमांचा तक्ता केला. कार्डशीटवर, लाल-निळ्या स्केचपेनने, शाळेत स्वच्छतेचा करतो तसा. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. पाहुण्यांना तक्ता वाचल्याशिवाय चहा मिळत नसे, असं नवरा सगळ्यांना सांगायचा. ते थोडं खरंही होतं.

पुढच्या चार वर्षांत मी फार नावाजली गेले. एका मामेसासऱ्यांनी मुलीच्या हळदीला दोन बार काढायला बंदूक मागितली. मी त्यांना हवेत गेलेली गोळी खाली कुठेतरी येतेच, हे पोरांना समजावतात तसं चेंडू उडवून समजावलं. ते रुसले, लग्नाला आम्हाला बोलावणं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की गावात सगळ्यात आधी बंदूक ठाण्यात जमा करणारी मी. मग त्याच आठवड्यात मतदान केंद्राची ड्युटी लागायची तीही मलाच. ठाण्यातले लोक म्हणायचे, परवानाधारक असावा तर बाईंसारखा. मला ते आवडायचं. फार आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला बंदुकीची पूजा असायची. आबांच्या वेळी पाटावर बंदूक, तिच्याशेजारी विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली, आणि वेगळ्या ताटलीत दोन काडतुसं, हळदीकुंकू लावून. माझ्या ताब्यात आल्यावर मी काडतुसं पूजेतून काढून टाकली. तक्त्यात तसा नियमच होता. तीन दसरे असे गेले. सासूबाई, गाव त्यांना अक्का म्हणतं आणि मीही, दर वर्षी पाटाकडे बघून नाक मुरडायच्या.

चौथ्या दसऱ्याला त्या हटूनच बसल्या. आमच्याकडे शेजारची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. सोनगीरच्या तांबटाकडून घागर आणली तर तोही तिच्यात मूठभर दाणे टाकून देतो. अक्का म्हणाल्या, "देवना मोऱ्हे रिकामं काय बी ठेवतस नही, बाई. तीन वरीस व्हयनात, तू रिकामी ठेवी ऱ्हायनी. म्हणीसन मका पिकस नही." मक्याला लष्करी अळी लागली होती; पण सणाच्या दिवशी सासूला अळीचं जीवनचक्र कोण सांगणार? मी म्हटलं, ताटलीत ठेवते. त्या म्हणाल्या, ताटलीत ठेवलं तर बंदूक भरली का? शेजारी साखर ठेवून वाटी रिकामीच द्यायची का?

घरात पुरण शिजत होतं, पाहुणे यायचे होते, आणि मला भांडण नको होतं. शिवाय मनात कुठेतरी हेही होतं की नियम माझे आहेत, एकदा मी मोडले तर ते मोडल्यासारखं थोडंच आहे? मी एक काडतूस काढलं, नळीत घातलं, सेफ्टीचा खटका लावला आणि बंदूक पाटावर ठेवली. अक्कांनी तिला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. देवघरात तेव्हा आम्ही दोघीच होतो.

पूजा झाली. मी पुरणपोळ्यांकडे वळले. पंधरा मिनिटांत बंदूक रिकामी करायची, असं ठरवून गेले होते. पहिली पोळी फाटली, तव्यावर चिकटली, आणि मी तिच्या नादी लागले.

अकराच्या सुमाराला दीर आला. नवीन सदरा, कपाळाला गंध, आणि हातात मोबाइल. तो त्या दिवशी प्यायलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. इतक्या सकाळी तो कधीच प्यायचा नाही. त्याला आबांच्या बंदुकीसोबत स्टेटसला फोटो टाकायचा होता. मी पोळी लाटता लाटता त्याचं बोलणं ऐकलं. अक्का देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, "काय व्हस त्याले? वैनीनी बंदूक शे. कायम रिकामीच ऱ्हास."

मी लाटणं टाकून उठले, तोवर आवाज झाला.

तो आवाज सांगता येत नाही. छताच्या पत्र्याला मोठं भोक पडलं, त्यातून ऊन आत आलं, आणि त्या उन्हात झेंडूच्या पाकळ्या खाली येत होत्या. दीर बंदूक हातात धरून उभा होता, फोटोला उभा राहतात तसाच. खटका त्यानेच फोटोच्या नादात कधीतरी सरकवला असणार. अक्का डाव्या कानावर हात दाबून बसल्या होत्या. रक्त नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावरून, मानेवरून, खांद्यावरून हात फिरवला. माझे पिठाचे हात त्यांच्या अजूनही काळ्या असलेल्या केसांना लागून त्या एका क्षणात पांढऱ्याफटक दिसायला लागल्या. मी इतकी घाबरले होते की मला तेही खरंच वाटलं.

गावाला मात्र बरं वाटलं. आबा पूजेनंतर काढायचे तसा दसऱ्याचा बार त्यांच्या मागे पहिल्यांदा निघाला म्हणून दोघे-तिघे आपट्याची पानं घेऊन लगेच आले.

घरात काय झालं ते सांगते. नवऱ्याने भावाच्या कानाखाली लावली. तो म्हणाला, पिऊन आलास आणि काडतूस घातलंस. दीर म्हणाला, मी नाही घातलं. नवऱ्याने विचारलं, मग कुणी, तुझ्या वहिनीने? वहिनीने घातलं, हे कुणालाच, अगदी दिरालाही, खरं वाटण्यासारखं नव्हतं. माझा तक्ता समोर भिंतीवर होता. मी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी मान खाली घातली. मीही घातली. काडतुसाची किल्ली माझ्या गळ्यात होती हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही. चारित्र्य उत्तम असलं की लोक किल्ल्या बघत नाहीत.

धुळ्याच्या डॉक्टरांनी अक्कांचा कान तपासला. डावा कान गेला, परत येणार नाही म्हणाले. अक्कांनी त्यांना सांगितलं, फटाका फुटला. पाहुण्यांना सांगायच्या, "वय व्हयनं, कान म्हतारा व्हयना मन्हा." मी डाव्या बाजूने काही बोलले तर फक्त मान वळवून उजवा कान पुढे करायच्या. त्या मान वळवण्याची मला इतकी धास्ती बसली की मी नेहमी उजवीकडेच बसायला लागले.

आणि दिराने दारू सोडली. कुणी शपथ घातली नाही, कुणी देवाला नेलं नाही. त्याच्या मनात हळूहळू पक्कं झालं असावं की काडतूस आपणच घातलं, आदल्या रात्रीच्या धुंदीत, आणि आपल्याला आठवत नाही. सगळं घर सांगतंय म्हटल्यावर माणूस स्वतःलाही विचारेनासा होतो. तो सकाळी उठून अक्कांचा चहा करू लागला. गाव म्हणायचं, एका बारात पोरगा सुधारला. मी हे ऐकायचे आणि वह्या तपासायला घ्यायचे. चांगलंच झालं की, असं मनाला सांगायचे, पण तपासलेलीच वही पुन्हा तपासायचे.

बंदूक कायमची जमा करून टाकू म्हणून मी वर्षभर नवऱ्याच्या मागे लागले. तो म्हणायचा, आबांची निशाणी आहे. पुढच्या दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी त्याला न विचारता निघाले. मोटारसायकलवर दिरालाच घेतलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. कपाटातून काढल्यावर बंदूक उघडून त्याला दोन्ही नळ्या दाखवल्या. त्याने खूप वेळ पाहिलं.

धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्जावर कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, परवानाधारकाचा निष्काळजीपणा. तिथल्या कारकुनाने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "बाई, असं लिहू नका. मला चौकशी लावावी लागेल, तुम्हाला यावं लागेल, साहेब मला विचारतील. 'गरज उरली नाही' लिहा." मी म्हटलं, पण खरं कारण हेच आहे. तो समजुतीने म्हणाला, "असेल हो. पण त्याला रकाना नाही." त्याने नवा अर्ज दिला. मी वळणदार अक्षरात लिहिलं, गरज उरली नाही. अक्षर छान आहे, म्हणाला.

परतताना सोनगीरला हायवेवरच्या टपरीवर चहाला थांबलो. मी कप तसाच धरून बसले आणि सांगून टाकलं. "भाऊजी, काडतूस मी घातलं होतं. अक्का म्हणाल्या म्हणून, पण घातलं मीच. तुम्ही नाही." वर्षभर मी या वाक्याची तयारी केली होती. तो ओरडेल, रडेल, उठून जाईल, सगळं धरून ठेवलं होतं.

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "काडतूस तुम्ही घालं, वैनी. पण चाप ते मीच दाबा ना? आबानी शिकाडेल व्हतं, उघडीसन देखानं. मी देखं नही."

मी तक्ता लिहिला होता, मला दाखला मिळाला होता, आणि ज्याच्या नावाने लोक अंगठा दाखवायचे तो एवढं सरळ बोलत होता. मी म्हटलं, आज घरी जाऊन सगळ्यांना सांगते, तुमच्या भावालाही. त्यावर मात्र तो घाबरला. कप खाली ठेवून म्हणाला, "नका सांगू, वैनी. एक वरीस व्हयनं, दारूले हात लायेल नही मी. आते कोन्ही म्हने की तुन्ही चूक नव्हती, तर संध्याकायले मी कोठे जासू, मले ठाऊक शे."

घरात सांगणार नाही, असं मी त्याला कबूल केलं. त्या दसऱ्याला पाटावर विळा, कुऱ्हाड आणि ट्रॅक्टरची किल्ली होती. अक्कांनी त्यांनाच कुंकू लावलं. मी त्यांच्या उजवीकडे बसले होते. दिराला दिलेल्या शब्दामुळेच मी हे असं, कुणाचंही नाव न घेता लिहिते आहे. पत्र्याचं भोक दिराने बुजवलं, तक्ता मी काढून टाकला. गावात माझं चारित्र्य अजूनही उत्तम आहे.