गाळलेलं क्रियापद

त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी वहीतली तीच फ्रेंच क्रियापदं त्याच क्रमानं बडवत बसायचे. अक्षरशः बडवत. कॅनडातल्या नर्सच्या नोकरीसाठी फ्रेंचची परीक्षा होती, आणि ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंचा हुकूमच होता: आधी मराठी अर्थ मोठ्यानं म्हणा, मग सहाही रूपं तोडून तोडून. 'मी-तू' सोडून नुसत्या क्रियापदाचे तोंडातून जितके तुकडे निघतील तितके ठोके टेबलावर. नू पार-लों, दोन. इल पार्ल, एक. लिहिताना त्याला हे एवढं शेपूट, बोलताना सगळं गडप! आमची अकोल्याची जीभ रोखठोक, अक्षर गिळायचं म्हटलं की अडायची. नुसता वैताग.

आई पलीकडच्या खोलीत पलंगावर. लकवा मारल्यापासून वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. "समज काही उरली नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. खरं सांगते, त्या वाक्याचा मला आधार वाटायचा. समजतच नसेल, तर मी गेलेलीही तिला कळणार नव्हती.

एका दुपारी लाइन गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम चिडीचूप झालं. मी म्हटलं, "बोलणं. ज पार्ल." पलीकडून आवाज आला. टक.

"नू पार-लों."

टक टक.

जाऊन पाहिलं तर आई छताकडे बघत होती. डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या लोखंडी दांडीवर टेकलेली. "आई, काय पायजे तुले?" नजर हलली नाही.

मग ते रोजचंच झालं. पुढे पुढे तर मी तोंड उघडायच्या आत पुढच्या रूपाचे ठोके पडायचे, बिनचूक, वहीतल्याच क्रमानं. मला माझ्याच आईची भीती वाटायला लागली. मी मधलं दार लोटून घ्यायचे.

अमरावतीहून भाऊ आला. तिच्या उशाशी बसूनच ठरवलं आम्ही, मी पास झाले की आई त्याच्याकडे. मी म्हटलं, "हळू बोल ना."

"काहून? तिले काय समजून राह्यलं आता?"

मी मान डोलावली. चहा पिऊन तो गेला.

दुसऱ्या दुपारी वहीत ती ओळ आली: पार्तिर, निघून जाणं. तोंडातून निघेना. गाळली आणि पुढची घेतली. "संपवणं. ज फि-नी."

दोन ठोके यायला हवे होते. काहीच आलं नाही. मग दाराआडून सावकाश: टक. टक. टक. टक टक. टक टक. टक.

मी गाळलेल्या क्रियापदाची सहाही रूपं.

दार उघडलं. आज ती छताकडे नाही, थेट माझ्याकडे बघत होती. म्हणजे तिला सगळं कळत होतं. डॉक्टरांचं, भावाचं, मी डोलावलेल्या मानेचंसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, जाऊ मी?" मी रडत विचारलं.

तिनं तेच क्रियापद पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं. मी मागोमाग म्हणेपर्यंत ती थांबली नाही.