गाडी निघाली म्हणजे

आमच्या भागात ‘निघालो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घरातच असतो. चपला शोधत असतो, नाहीतर चहा पीत असतो. ‘आलोच’ म्हणणाऱ्याची तर अजून अंघोळ व्हायची असते. यात कुणी कुणाला फसवत नाही. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि तो आपला अंदाज धरून बसतो. माझा नवरा लॉरी चालवतो. हैदराबादहून परतताना तो जहिराबादच्या टपरीवरून फोन करून ‘आलोच’ म्हणायचा, तेव्हा मला कळायचं की पोरीचा अभ्यास घेऊन, भांडी घासून मग पीठ मळायला घेतलं तरी चालतं. त्या शब्दाचा अर्थ ‘मी जवळ आहे’ असा नव्हताच. ‘माझं तोंड घराकडं आहे’ एवढाच होता.

बीदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीच्या बाहेर तुरीच्या डाळीची एक मिल आहे, तिथल्या ऑफिसात मी काम करते. कोणती गाडी कुठं जायची, तिच्यात कोणता माल भरायचा, कागद तयार झाले का, हे बघणं माझ्याकडं. नवऱ्याची लॉरी याच मिलला लागलेली होती. गाडी आमची, काम मिलचं. हैदराबादची फेरी बहुतेक त्यालाच मिळायची, कारण तिथला व्यापारी घाईचा आणि हा गाडी न रेंगाळता नेणारा. आज गेला की उद्या घरी. लॉरीवाल्याच्या बायकोला याहून जास्त काय पाहिजे असतं?

मिलच्या मालकाला सगळे अण्णा म्हणतात. अण्णा बोलायला गोड, इतके की टेबलाला मुंग्या लागत नाहीत याचंच मला नवल वाटतं. दिवसभर फोन कानाला. गुलबर्ग्याच्या अडत्याला कन्नडात ‘होंटद’, हैदराबादच्या व्यापाऱ्याला ‘निकल गई सेठ, निकल गई’, लातूरवाल्याला ‘निघाली की हो’. आणि खिडकीखाली ती निघालेली गाडी उभीच, हमाल पोती रचतायत, ताडपत्री अजून जमिनीवर. व्यापारीही काही दुधखुळे नव्हते. अण्णांची गाडी ‘निघाली’ म्हणजे आता भरायला लागली असेल, एवढं तेही समजून घ्यायचे. असं सगळ्यांचं बरं चाललं होतं.

मग मिलमध्ये सॉफ्टवेअर आलं. उगाच नावं ठेवणार नाही, त्याचा फायदा झाला. आधी पॉलिशवाली आणि बिनपॉलिशची डाळ एकमेकांच्या गाडीत चढायची, माल परत यायचा आणि मग प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. आता पोत्यावरची पट्टी वाचून मशीनच सांगतं की हे पोतं या गाडीचं नव्हे. तूर किती भरडली, डाळ किती निघाली, चुनी-चुरा किती, गोदामात काय शिल्लक, सगळं पडद्यावर. मी ते चटकन शिकले आणि मला ते आवडलंही. ऑफिसात सगळे मला विचारायला यायचे याची थोडी ऐटही होती.

ते बसवायला बेंगळुरूहून एक माणूस आला होता. त्यानं मला विचारलं, गाडी निघाली असं तुम्ही नेमकं कधी धरता? मी म्हटलं, मागचं चाक फाटकाबाहेर पडलं की. त्याला ते पटलं. ‘निघाली’चं बटण वॉचमनच्या हातात द्यायचं त्यानं ठरवलं. तिथून पुढं वेळ मोजायचा, माल उतरेपर्यंत. ठरल्यापेक्षा जास्त लागला तर गाडीच्या नावापुढं लाल खूण. बटण दाबलं की व्यापाऱ्यालाही आपोआप मेसेज. अण्णा हे सगळं मान हलवत ऐकत होते. मेसेजचं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. ते बटण त्यांनी वॉचमनकडं जाऊच दिलं नाही, स्वतःच्या मोबाइलवर घेतलं. म्हणाले, मालक मीच आहे ना.

पुढं काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. हैदराबादचा फोन वाजला की अण्णा ‘निकल गई’ म्हणायचे आणि म्हणता म्हणताच अंगठा टेकवायचे. तिकडं लगेच मेसेज. एका दुपारी माझ्या पडद्यावर नवऱ्याची गाडी निघाल्याचं दिसलं. खिडकीतून पाहिलं तर अर्धी गाडी रिकामी आणि हा तिच्याच सावलीत डबा खात बसलेला. मी वरून ओरडून सांगितलं, अहो, मशीनमध्ये तुम्ही निघालाव. तो हसला. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, “मग निघालोच की.”

त्याला त्यात वावगं काही वाटलंच नाही. आपल्या बोलीत तो निघालेलाच होता. पण मशीनला आपली बोली कुठली येते? ते तेव्हापासून घड्याळ लावून बसलं. माल भरायला, काट्यावर वजन करायला, कागदांना गेलेला सगळा वेळ त्याच्या नावावर चढला. लाल खूण. पुढच्या फेरीला लाल खूण. ज्याला घाईचा व्यापारी त्याच्यासाठीच बटण लवकर दाबलं जायचं, म्हणून मिलमधला सगळ्यात न रेंगाळणारा माणूस पडद्यावर सगळ्यात आळशी ठरला. व्यापारी तक्रार करायला लागला की ड्रायव्हर ढाब्यावर झोपतो. अण्णा माझ्या समोर बसून, माझ्याकडं न बघता फोनवर म्हणाले, क्या करना सेठ, ड्राइवर लोगां का क्या भरोसा. माझ्या अंगाची लाही झाली. मी त्या दिवशी जेवले नाही.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, अण्णा, गाडी भरायच्या आत बटण तुम्ही दाबता आणि उशीर त्यांच्या माथी येतो, हे तुम्हाला दिसतंय. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

“अक्का, मला सगळं कळायलंय. पण आता सेठला काय सांगू? आमी खोटं बोललो म्हणून सांगू?”

“मग ते खोटारडे झाले तर चालतंय?”

“मी कुठं म्हणायलोय? मशीन म्हणायलंय. मशीनमधी जे हाय ते समद्यांला सारखंच.”

चहा आला. मी घेतला नाही.

त्या महिन्याच्या शेवटी लाल खुणा जास्त असलेल्या गाड्या कमी करायचं ठरलं. यादी मशीननं काढली, म्हणजे कुणीच काढली नाही. अण्णांनी मला बोलावून सांगितलं की आपल्या घरच्या गाडीचा नंबर तेवढा सिस्टिममधून काढून टाका. आपल्या घरच्या म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हातानं होणार नाही. ते चिडले नाहीत. राहू द्या अक्का, म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढला. मी जागेवर परत येईपर्यंत माझ्या पडद्यावरची ती ओळ गेलेली होती.

नातेवाईक विचारतात, मग तू तिथं कशाला राहिलीस? दोघांनी घरी बसून काय खायचं होतं, ते त्यांनी सांगावं. मी अजून तिथंच आहे. अण्णांशी कामापुरतं बोलते. ते अजून अक्का म्हणतात. मिलची फार भरभराट झाली. बीदरहून, गुलबर्ग्याहून लोक आमचं काम बघायला येतात, तेव्हा मशीन दाखवायला अण्णा मलाच पुढं करतात आणि मी दाखवते. ‘निघाली’च्या बटणाबद्दल एकानंही आजवर विचारलेलं नाही.

नवऱ्याला जवळची फेरी कुणी दिली नाही. सेठनं मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांना सांगून ठेवलं असेल, नाहीतर लाल खुणांची बातमी आपोआप पसरली असेल. आता तो लांबचा माल घेतो. नागपूर, रायपूर, कधी त्याच्याही पुढं. घरी येतो तो पाहुण्यासारखा. पोरीला कोणत्या वर्गात आहेस असं त्यानं मध्ये विचारलं, आणि मग स्वतःच तिच्या वहीवर वाचून घेतलं. माझ्यावर तो कधी तोंड टाकत नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं. फक्त फोनवरचं बोलणं बदललंय. कुठं पोचलाव विचारलं की गावाचं नाव सांगतो, पंपाचं नाव सांगतो, गाडी उभी आहे की चालू आहे ते सांगतो. मशीनला सांगावं तसं.

परवा रायपूरहून त्याचा फोन आला. म्हणाला, माल उतरवला, पण अजून निघालो नाही. मी परातीत पीठ काढून बसले होते. का कोण जाणे, मला राहवलं नाही. म्हटलं, पहिल्यासारखं नुसतं ‘आलोच’ म्हणा की हो एकदा.

त्याच्या मागं लॉऱ्यांचे भोंगे ऐकू येत होते.

“खोटं कामून बोलू?” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्या शब्दाला आमच्या घरात कुणी खोटं म्हटलं नव्हतं.