अप्पांचा लाल टाका

सुरुवातीलाच माझी एक चूक दुरुस्त करते. आमच्या व्यापारी मंडळाच्या मासिकात मी लिहिले होते की, नांदेडच्या गोविंदशेठांनी परदेशातून मागवलेल्या सुती शर्टांचा जकातीसाठी प्रकार ठरवताना माझे गुरू बसलिंगअप्पा यांची चूक झाली आणि ती त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली. मोठ्या मनाचे तेवढे खरे. चूक अप्पांची नव्हती, माझी होती. मला ते पंधरा दिवसांपूर्वी कळले. अप्पांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात हे आधी लिहिल्याशिवाय पुढचे कौतुक माझ्या हातून उतरणार नाही.

अप्पांना मी पहिल्यांदा पाहिले ते लातूरच्या भूकंपानंतर. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. माझी शाळा म्हणजे फुफ्फी, अब्बांची बहीण. शिलाई मशीन चालवता चालवता ती मला मराठी आणि इंग्रजी अक्षरे शिकवी. परदेशातून मदतीच्या कपड्यांच्या गाठी लातुरात आल्या, तेव्हा अप्पांनी आपले कापडाचे दुकान बंद ठेवून त्या तिथे उतरवून घेतल्या आणि उसवलेले शिवायला गल्लीतल्या बायांना बोलावले. फुफ्फीबरोबर मीही गेले.

अप्पा प्रत्येक कपडा उलटा करून बघत. विटका, फाटका बाजूला टाकत.

"अप्पा, फुकटच्या कपड्याला एवढं काय बघायचं?" कुणीतरी म्हणाले.

"घर पडलंय त्यांचं. अब्रू न्हाई पडली," अप्पा म्हणाले.

बघून झालेल्या कपड्याच्या आतल्या दुमडीत ते लाल दोऱ्याचा एक टाका घालत. टाका असला की कपडा तपासलेला. मला त्यांनी लेबले वाचायला बसवले. इंग्रजीतला 'कॉटन' हा शब्द मी तिथे शिकले. किती देशांची नावे होती! ती ऐकून अप्पा फुफ्फीला म्हणाले, "बहिणाबाई, आज हे फुकट आलंय. उद्या हेच इकायला येईल, बघा."

तसेच झाले. पुढे आयातीवरची बंधने उठली आणि मोंढ्याच्या बाजाराजवळच्या दुकानांतही बाहेरचे तयार कपडे दिसू लागले. तोवर लातुरात शिकवण्यांची लाट आली होती. गावोगावची मुले खोल्या घेऊन राहत होती, जिन्याजिन्यावर भौतिक आणि जीवशास्त्राच्या पाट्या. त्या गर्दीत अप्पांनी दुकानाच्या माळ्यावर आयात मालावरच्या जकातीच्या नियमांचा वर्ग काढला! अब्बा म्हणाले, "सारी गल्ली डाक्टर होऊन राहिली, आन् तू कपडे उलटे करायला शिकून राहिली?" पण त्यांनी जाऊ दिले.

काय वर्ग होता तो! कंटाळवाणा म्हणतात तो विषय अप्पांच्या हातात नाचू लागे. कर किमतीवर शेकडा इतका, किंवा नगामागे इतके रुपये. दोन्हींत जे जास्त निघेल ते भरायचे. "म्हणजे सांगा, स्वस्त शर्टाला जड कोणतं?" अप्पा विचारत आणि आम्ही ओरडत, "नगामागचं!" शेजारच्या देशाचा माल कराविना येऊ लागला, त्या दिवशी तर अप्पांनी पेढे आणले, पेढे मालाचे नव्हते, नव्या प्रश्नांचे होते. शिवण तिथली, पण कापड कुठले? मूळ देशाचा दाखला खरा कशावरून? आम्ही घरी जायचे विसरून वाद घालत असू.

सगळ्यांत पहिला धडा मात्र एकच. मागावर विणलेले कापड वेगळे, बनियनसारखी फासांत गुंफलेली होजिअरी वेगळी. जकातीच्या पुस्तकात दोन्हींचे प्रकरण वेगळे, करही वेगळा. "लेबल म्हणतंय ते ऐकून घ्यावं, पण कापडाला इचारल्याबिगर लिहू न्हाई."

वर्ग संपल्यावर अप्पांनी मला हाताखाली घेतले. व्यापारी मालाचे नमुने पाठवत आणि कोणता कर लागेल ते अप्पा लिहून देत. गोविंदशेठांचा शर्ट हे माझे पहिले काम. कॉलर, बटणे, कडक इस्त्री. मी शर्ट उलटा केला नाही, भिंग लावले नाही. 'मागावरचा' असे टिपण लिहून तो अप्पांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तपासलेल्या नमुन्यांच्या कपाटात दिसला. अप्पांनी बघितला असे समजून मी टिपण गोविंदशेठांना पाठवून दिले. जकात अधिकाऱ्यांच्या तपासणीत शर्ट बारीक होजिअरीचा निघाला. माल बंदरात अडकला, दिवाळी हुकली. गोविंदशेठ स्वतः लातूरला आले.

"कुणी लिहिलं हे?"

मी उभी राहिले, पण अप्पा आधी बोलले. "मी तपासला होता, शेठ. म्हातारं झालं, डोळा चुकला."

त्यांनी खरेच तपासला होता, यावर मी विश्वास ठेवला. वर कौतुकाने मासिकातही लिहिले. माझा लेख वाचून व्यापारी म्हणू लागले, अप्पांचे डोळे गेले. नमुने येणे कमी झाले. आता नांदेडचे व्यापारी दुसरा सल्लागार नेमायचे ठरवत आहेत.

पंधरा दिवसांपूर्वी या ग्रंथासाठी जुने फोटो शोधताना कपाटात तो शर्ट सापडला. मी दुमडी उलटली. तपासलेल्या प्रत्येक नमुन्याला अप्पा अजूनही घालतात तो लाल टाका नव्हता. झाडलोटीच्या मावशींना विचारले, तर टेबल आवरताना तो त्यांनीच कपाटात टाकला होता. अप्पांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"अप्पा, ह्याला टाका न्हाई."

त्यांनी चष्मा वर केला. "मग? आज घालू का?"

"तुम्ही खोटं बोललात."

"तुझं पहिलंच काम होतं, पोरी. तुझ्या अब्बांनी तुला घरी बसवलं असतं. माझं नाव पंच्याहत्तर वर्षांचं हाय, एका शर्टानं उसवत न्हाई. तू गप ऱ्हा."

अप्पा, तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. भीतीही वाटते, हे चार वेळा लिहून फाडले. पण नाव उसवायला लागले आहे, आणि दोरा माझ्या हातून सुटला आहे.

तुमचे डोळे अजून आमच्या भिंगापेक्षा बारीक पाहतात. ते तसेच राहोत, माळ्याचा जिना तुम्ही शंभरीतही न थांबता चढावा, आणि तुमच्या सुईत लाल दोरा कायम ओवलेला असो.

रविवारी तुमचा सत्कार. सोमवारी सकाळी अकराला नांदेडला व्यापाऱ्यांची बैठक आहे. पहाटेच्या बसने मी निघते आहे. पिशवीत तो शर्ट असेल, आणि गोविंदशेठांसमोर तो मी उलटा करून ठेवणार आहे.